ऑकलंड ते डुमना, पंधरा तास

पुंडलिक गावंडेला कुणी वेळ विचारली की त्याची छाती दोन बोटं फुगायची. जन्मभर रेल्वेत गार्ड होता. इटारसीहून जबलपूरला गाडी आणताना शेवटच्या डब्याच्या दारात झेंडी घेऊन उभा राहणारा माणूस. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी जबलपूरच्या महाराजपुर भागातल्या कॉलनीत कुणाकडे पाहुणा यायचा असला की लोक आधी त्यालाच विचारत, "गावंडेजी, गाडी किती लेट आहे?" आणि हा समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. "वीस मिनिटं. नरसिंहपुरले अडकली," म्हणून मोकळा. दुसऱ्याचं ऐकून घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. आणि वाईट हे, की बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

लेटचं तर त्याला भारीच वावडं. सिग्नल मिळाला नाही म्हणून गाडी थांबली आणि लेट गार्डाच्या नावावर लागला, तर हा वरच्या साहेबापर्यंत भांडत जायचा. पण स्वतःमुळे पाच मिनिटं गेली, तर ती दुसऱ्याच्या माथी त्यानं कधी मारली नाहीत. त्या बाबतीत माणूस सरळ होता, हे त्याचे दुश्मनसुद्धा कबूल करायचे.

अशा माणसाच्या बायकोला कॅन्सर झाला. आधी पोटात, मग हाडांत. दवाखान्यानं हात टेकले आणि भानुमतीला घरी आणून समोरच्या खोलीत खाटेवर टाकलं. समोरचीच खोली तिनं मागून घेतली होती, कारण तिथून फाटक दिसतं. शहरातल्या ओमती भागातून शर्मिला दीदी म्हणून एक नर्स दुखण्याची सुई द्यायला यायची. सुई लागली की भानुमती शांत व्हायची, पण मग तिला माणूस ओळखू यायचा नाही. एकदा त्या गुंगीत एकुलत्या एका मुलाचा, योगेंद्रचा, ऑकलंडहून फोन आला, तर ती त्याच्याशी आपला मेलेला भाऊ समजून बोलली. पोरगं तिकडे फोनवर हमसून हमसून रडलं. शुद्धीवर आल्यावर हे तिला कळलं आणि ती गोष्ट तिच्या मनाला फार लागली.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी डॉक्टरनी पुंडलिकला व्हरांड्यात नेलं आणि हळूच म्हटलं, "बेटे को बुला लीजिए."

पुंडलिकनं तिथूनच फोन लावला. योगेंद्र म्हणाला, तिकीट पाहतो, मिळेल त्या विमानानं निघतो. फोन ठेवल्यावर पुंडलिकनं चष्मा लावला आणि मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली, ऑकलंड आणि जबलपूरचं डुमना. लगेच उत्तर आलं. अंतर बारा हजार किलोमीटरच्या आतबाहेर, प्रवासाचा वेळ पंधरा तास. त्यानं ते दोनदा वाचलं. पंधरा तास! एवढ्यात तर कधीकधी गाडी मुंबईलाही पोहोचत नाही.

संध्याकाळी सहाला योगेंद्रचा फोन आला. मागे घोषणा चालू होत्या.

"बाबा, विमानात चढून राहिलो. आईला सांगा. आणि ऐका, हे मधे…"

"काही सांगू नको," पुंडलिक म्हणाला. "मी सारं पाहिलं आहे. पंधरा तास. तू फक्त बस."

तिकडे पोरगं "हो बाबा" म्हणालं आणि फोन बंद झाला. त्याला वाटलं, बाबांना सगळं माहीत आहे. बाबांना नेहमीच सगळं माहीत असतं.

पुंडलिक आत गेला आणि खाटेशी बसला. "भानू, पोरगं निघालं. उद्या सकाळी नऊले डुमन्यात. दहाच्या आत तुह्या दारात."

भानुमतीचे डोळे खोल गेले होते, पण त्यांत एकदम जीव आला. "खरं?"

"मी कधी चुकीचा टाइम सांगितला का तुले?"

नव्हता सांगितला. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं तिला सगळी स्टेशनं पाठ करून घेतली होती. पिपरिया, गाडरवारा, करेली, नरसिंहपूर. तो ड्यूटीवर असला की ती घड्याळाकडे पाहून पुढे लहानग्या योगेंद्रला सांगायची, आता तुझे बाबा करेलीत असतील. जबलपूरच्या अलीकडचं स्टेशन मदन महल. मदन महल सुटायच्या वेळेला तिनं तवा गॅसवर ठेवायचा, म्हणजे हा घरी येऊन हातपाय धुईपर्यंत गरम पोळी ताटात पडायची. इतक्या वर्षांत तो तवा क्वचितच वाया तापला असेल.

सातला शर्मिला दीदी सुई भरायला लागली, तर भानुमतीनं हात पांघरुणात ओढून घेतला.

"नहीं दीदी. आज नहीं. कल मेरा लड़का आ रहा है."

"अरे आंटी, बिना सुई के रात कैसे कटेगी? आपको पता नहीं है क्या, कैसा दर्द उठता है?"

"पता है. सुबह तक की तो बात है." मग ती पुंडलिककडे वळून मराठीत म्हणाली, "पोरगं एवढ्या लांबून येईन आन मी त्याले भाऊ भाऊ म्हणीन? नाही जी. मले जागी राहू द्या. त्याचं तोंड पाहीन, मंग सुई द्या, नाहीतर जहर द्या."

शर्मिलानं पुंडलिककडे पाहिलं. अडवायचं तर त्यानं अडवायचं होतं. पण त्याच्या खिशात मोबाइल होता आणि मोबाइलात पंधरा तास होते. "रहने दो दीदी," तो म्हणाला. "टाइम पक्का है."

ती रात्र कशी गेली हे पुंडलिकला सांगता आलं नसतं. पहिले दोन-तीन तास भानुमतीनं दात आवळून काढले. मग टॉवेलचं टोक तोंडात घेतलं. मग तोही पुरेना, आणि "माय वं, माय वं" असं बारीक कण्हणं सुरू झालं, ते थांबलंच नाही. मधेच दम मिळाला की विचारायची, "आता कुठं आला?"

"ऑस्ट्रेलिया लागलं."

"मोठं आहे?"

"मोठं आहे. पार व्हायले चार-पाच तास लागते."

"थांबत तर नाही ना तिथं?"

"थांबत असंल तरी ते धरूनच टाइम लिहिला असते वं. हाल्ट मोजल्याबिगर टाइमटेबल बनते का?"

हे तो तिची समजूत काढायला म्हणत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. रेल्वेत जे छापलं जातं त्यात प्रत्येक स्टेशनचा थांबा, इंजिन बदलणं, वळणाचा रस्ता, सगळं धरलेलं असतं. अंतर म्हणजे चाकाखालून गेलेलं अंतर. विमान दोन ठिकाणी बदलावं लागतं हे त्यालाही माहीत होतं, तो काही अडाणी नव्हता. पण बदलायला लागणारा वेळ त्या पंधरात आलाच असणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं. तीस-पस्तीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस दुसरं काय धरणार?

सकाळी त्यानं तिचे केस विंचरले. जेमतेम मूठभर राहिले होते. तिनं हिरवी साडी मागितली. नेसवणं शक्य नव्हतं, म्हणून नुसती अंगावर पांघरली. पाठीला तीन उशा लावून ती बसली आणि फाटकाकडे डोळे लावले. कपाळावर घाम डबडबला होता, एवढ्या थंडीत. पुंडलिक गळ्याला मफलर गुंडाळून फाटकात जाऊन उभा राहिला. ही त्याची जुनी सवय. गाडी यायच्या बेताला आली की त्याला बसवत नसे.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. रस्त्यावर धुकं होतं आणि त्यातून एक स्कूटी आली. ती प्रणोती होती, पुंडलिकच्या धाकट्या भावाची, बंडूची मुलगी. जबलपुरातल्याच गोरखपुर भागात राहायची. मराठी तिला समजायची सगळी, पण तोंडात मधेमधे हिंदीच यायची.

"मोठे बाबा, खिचडी लाई हूँ. आणि दादाचा मेसेज आला होता पहाटे. सिंगापुर पहुँच गया. तुम्हाला फोन नाही केला, मोठी आई सो रही होगी म्हणून."

"सिंगापूर? आता तर डुमन्यात पाहिजे तो."

"आज कैसे? सिंगापुर से शाम को फ्लाइट है, रात को दिल्ली. दिल्लीहून डुमन्याचं उद्या दुपारी. तुम्हाला सांगितलं नाही त्यानं?"

पुंडलिकनं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. तिनं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला बघवलं नाही.

"मोठे बाबा, ये तो… हे असंच हिशोब करून देतात. नक्शे पे एक सीधी लाइन खींच दी, विमानाच्या स्पीडनं भागलं, हो गया. असं विमान नाही आहे. ऑकलंडहून डुमन्याला कोणतंच विमान येत नाही."

"मंग टाइम काहून लिहिला?" पुंडलिकचा आवाज चढला. "जे विमान उडतच नाही, त्याचा टाइम कोण लिहिते? सांग ना! आम्ही असं केलं असतं तर नोकरीवरून काढलं असतं आम्हाले!"

"हळू बोला ना मोठे बाबा, मोठी आई ऐकेल."

त्यानं मोबाइल खिशात टाकला. उद्या दुपारी. म्हणजे आजचा अख्खा दिवस आणि आणखी एक रात्र. आणि कालची रात्र? ती जी तिनं टॉवेल चावून काढली, ती कशासाठी काढली होती? मोबाइलातल्या एका रेघेसाठी.

तेवढ्यात शर्मिला दीदी आली. प्रणोतीकडून सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला, डॉक्टरांना फोन लावला, आणि मग कामाचं बोलली. "अंकल, अभी भी कुछ बिगड़ा नहीं है. डॉक्टर साहब से पूछ लिया है. अभी छोटी सुई दे देते हैं, शाम तक सोएँगी, थोड़ी ताकत आएगी. फिर कल दोपहर से पहले सुई रोक देंगे. लड़का आएगा तब जागी मिलेंगी. बस आप उनको सच बता दो. आपके कहे बिना वो हाथ नहीं लगाने देंगी."

यात कठीण काय होतं? आत जायचं, चार शब्द बोलायचे, एवढंच. पुंडलिक आत गेला. भानुमतीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"आला का?"

आणि त्याची जीभ फिरली. "लेट आहे वं. दिल्लीत धुकं आहे. दोनेक तास."

का फिरली? त्याला लाज वाटली, दुसरं काही नाही. जिनं जन्मभर त्याच्या शब्दावर तवा ठेवला, तिला हे कसं सांगायचं, की कालची रात्र तू फुकट सोसलीस, मला टाइम कळला नाही? त्याला वाटलं, थोड्या वेळानं सांगू. जरा तिचा श्वास सावरू दे. मग सांगू.

"दोन तास ना?" ती म्हणाली. "काढते मी." आणि शर्मिलाला हातानंच नको म्हणाली.

दोन तासांनी तो म्हणाला, आणखी एक तास. मग म्हणाला, विमान आकाशात फिरून राहिलं, उतरायले जागा नाही. एकेक खोटं बोलून तो बाहेर यायचा, व्हरांड्याच्या खांबाला कपाळ टेकायचा आणि परत आत जायचा. प्रणोती रडत म्हणाली, "मोठे बाबा, बता दो ना, नाहीतर मी सांगते." त्यानं तिच्यावर डोळे वटारले. दुपारपर्यंत भानुमतीचं कण्हणं ओरडणं झालं होतं. शेजारच्या बायका फाटकापर्यंत येऊन परत गेल्या. शर्मिला दुसरा पेशंट सोडून पुन्हा आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. तिनं पुंडलिककडे पाहायचंही सोडून दिलं होतं.

तीनच्या सुमारास कळ जरा ओसरली. भानुमतीनं डोळे उघडले. ओठ फुटले होते.

"मदन महल सुटलं का?"

"सुटलं," पुंडलिक म्हणाला. "सुटलं वं, आता येतेच."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "योगूचे बाबा, मदन महल सुटलं की तुम्ही उभे राहता. घरात असले तरी उभे राहता. तुम्ही तर बसून राहिले."

पुंडलिक खाटेच्या कडेला बसला होता. त्याला उठता येईना.

"खरं सांगा. कधी?"

"उद्या," तो म्हणाला. "उद्या दुपारी. माही चूक झाली भानू. मले टाइम समजला नाही."

"तुम्हाले कधी कळलं?"

इथंही त्याला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं म्हटलं असतं तर कुणी काय केलं असतं? पण तिच्या त्या नजरेपुढे त्याच्यातला सगळा दम निघून गेला होता. "सकाळी," तो म्हणाला.

भानुमती रडली नाही. तिच्यात रडायचीही ताकद नव्हती. "सकाळी काहून नाही सांगितलं जी? रात्र गेली ते गेली. चूक माणसाच्यानंच होते. दिवस तर वाचला असता माहा. सुई घेतली असती, झोपली असती, उद्या त्याच्यासाठी उठली असती. आता नाही हो होत."

"भानू…"

"बोलवा दीदीले."

शर्मिलानं डॉक्टरांना फोन केला. छोट्या सुईची वेळ निघून गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता मोठी द्यावी लागेल, आणि उठतील की नाही ते सांगता येत नाही. पुंडलिकनं मान हलवली. सुई टोचताना भानुमतीनं त्याचं मनगट धरलं. "आला की उठवा मले. हलवा, मारा, काही करा. पण उठवा." तो हो म्हणाला. थोड्या वेळानं तिचा हात आपोआप सैल पडला.

बुधवारी दुपारी योगेंद्र आला. डुमन्याहून फोन केला तेव्हापासून पुंडलिक फाटकात उभा होता. पोरगं गाडीतून उतरलं, दाढी वाढलेली, डोळे लाल. बॅग रस्त्यावरच टाकून आत धावलं आणि खाटेशी गुडघ्यावर बसलं. "आई. आई, मी आलो."

भानुमतीचा श्वास चालू होता. एक यायचा, मग फार वेळानं दुसरा. डोळे मिटलेले.

"भानू, ऊठ," पुंडलिक म्हणाला. "ऊठ वं, योगू आला. खरंच आला. पाह्य त्याले." त्यानं तिचा खांदा हलवला. मग दोन्ही खांदे धरून हलवले. डोकं उशीवर इकडून तिकडे गेलं. "अंकल, मत कीजिए," शर्मिला म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं तिच्या गालावर चापट मारली, मग आणखी एक, जोरात.

योगेंद्रनं त्याचा हात धरला. "बाबा! काय करून राहिले तुम्ही? पागल झाले का?"

"तिनंच सांगितलं होतं," पुंडलिक म्हणाला. पण ते इतकं हळू म्हणाला की कुणापर्यंत पोहोचलं नाही. प्रणोतीनं त्याला धरून बाहेर नेलं. ऊन उतरायच्या आत भानुमती गेली. डोळे तिनं उघडले नाहीत.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर योगेंद्रनं अग्नी दिला. तिसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. महाराष्ट्र मंडळातले रत्नाकरभाऊ आले, सतरंजीवर मांडी घालून बसले. मग शोकाच्या घरी बोलायला काहीतरी लागतं म्हणून, सवयीनं पुंडलिककडे वळून म्हणाले, "ऑकलंड म्हणजे किती तासांचं आहे हो, गावंडेजी?"

खोलीतल्या सगळ्यांनी पुंडलिककडे पाहिलं. अशा प्रश्नाला तो कधी थांबायचा नाही. तो सतरंजीच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला. दाराशी बसलेली प्रणोती त्याच्याकडेच पाहत होती. तिनं दादाला काही सांगितलं नव्हतं. ते मोठ्या बाबांनी सांगावं, अशी वाट पाहत होती.

शेवटी योगेंद्रच बोलला. "तासांचं काय काका. सिंगापूरला मला आधीचं विमान मिळालं असतं, डबल पैशात. मी म्हटलं, संध्याकाळचं चालेल, बाबांनी काही घाई सांगितली नाही. सहा तास वाचले असते. तिचे डोळे उघडे असताना पोहोचलो असतो. मीच लेट झालो."

सहा तासांनी काहीही झालं नसतं, हे पुंडलिकला माहीत होतं. पोरगं बुधवारी सकाळी आलं असतं, आणि तिची सुई मंगळवारी दुपारचीच होती. एवढं सांगितलं असतं तर पोरगं सुटलं असतं. पण तेवढं सांगायचं म्हणजे मंगळवारची सकाळही सांगावी लागली असती. त्यानं तोंड उघडलं. प्रणोती जरा पुढे सरकली.

"चहा घ्या रत्नाकरभाऊ," पुंडलिक म्हणाला. "थंड होऊन राहिला."